भुशाने धरलेला रंग

कार्तिक लागला की गोंदियात भुसा आभाळातून पडतो. शहराच्या चहूबाजूंनी राइस मिल. नवा धान आला की त्या धडधडायला लागतात आणि धानाची टरफलं, ज्यांना इकडे सगळे सरसकट भुसा म्हणतात, वाऱ्यावर उडत घराघरात शिरतात. गच्चीवर वाळत घातलेल्या साडीवर भुसा, दह्याच्या वाटीत भुसा, स्कूटीच्या सीटवर भुसा, वर्गातल्या बाकांवर भुसा. बदलीवर आलेली माणसं आधी नाक दाबतात, मग खोकतात आणि पुढे कधीतरी 'आमच्या गोंदियाची धूळसुद्धा सोन्याची' असं पाहुण्यांना सांगायला लागतात. मला काही ते जमत नाही. माझा जन्मच या जिल्ह्यातला, लहानपणी भुशाच्या ढिगावरून घसरत खाली आलेली मी. तरी गेली काही वर्षं कार्तिकात कपडे झटकताना माझं डोकं फिरतं. मला भुशाचा राग येतो. निर्जीव वस्तूवर राग धरणं शहाण्या बाईला शोभत नाही, आणि ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असेल तर मुळीच नाही. तरी येतो.

एका कार्तिकात मात्र मी या भुशाच्या प्रेमात होते. अगदी वेड्यासारखी. ओंजळीत घेऊन वास घ्यायची, वर्गात मुठी भरभरून न्यायची, घरच्यांशी जेवताना त्याच्याबद्दलच बोलायची. आमचे हे म्हणायचे, "अगं, जरा माणसांबद्दलही बोल." तो कार्तिक मला दरवर्षी आठवतो. न आठवून करते काय? वारा आठवण करून द्यायला गच्चीपर्यंत येतोच.

माझं माहेर तिरोड्याच्या पुढे, बोदलकसाच्या वाटेवरून आत वळलं की लागणाऱ्या एका गावात. गावाच्या उतारावर एक बोडी आहे. बोडी म्हणजे लहान तळं, तीन बाजूंनी चढ आणि चौथ्या बाजूला मातीची पाळ घालून अडवलेलं पाणी. वरून एक नाला येतो आणि तिला भरतो. खालच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, ती पाणी देते. आणि या बोडीवर डोमाभाऊ आणि फुलवंतावहिनींचं घर चालायचं. डोमाभाऊंचे वडील, आजे, सगळे या पाण्यातच वाढले. ग्रामपंचायतीकडून बोडी ठेक्याने घ्यायची, पावसाळ्यात शिंगाड्याचे वेल सोडायचे, थोडे मासे, आणि दिवाळीच्या आगेमागे शिंगाडा काढायचा. डोमाभाऊ माझे सख्खे कोणी नाहीत, पण गावच्या लेकीला सगळे गावकरी भाऊच असतात आणि त्यांच्या बायका वहिनी. फुलवंतावहिनी मला नणंद मानून 'बाई' म्हणतात, वयाने त्याच मोठ्या असल्या तरी.

शिंगाडा काढताना कधी पाहिलं आहे? सकाळी बोडीवर धुकं असतं. वहिनी डोंग्यात, म्हणजे लहानशा होडीत, ओणव्या बसून एका हाताने वेल उलटा करायच्या आणि दुसऱ्या हाताने फळं खुडायच्या. शिंगाड्याला दोन शिंगं असतात, ती बोटांत घुसतात. त्यांच्या बोटांची टोकं कार्तिकात काळी पडायची आणि होळीपर्यंत काळीच राहायची. मग पाळीवर तीन दगडांची चूल, मोठं घमेलं, उकडणाऱ्या शिंगाड्यांची मातकट गोड वाफ. बाजूच्या बांध्यांत धान कापून पसरलेला, बगळे त्यातून शहाण्यासारखे फिरताहेत. मी माहेरी आले की आधी घरी न जाता पाळीवर जायची. उकडलेला शिंगाडा दाताने फोडला की आतून पांढराशुभ्र गर निघतो. निघायचा.

मग नाल्याच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आला. कारखाना म्हणजे काय, चार शेड आणि एक धुराडं. मंडप-डेकोरेशनवाल्यांना लागणारं कापड तिथे रंगवतात. लग्नाच्या मोसमाआधी मळलेले पडदे, झालरी, छतं ट्रकने यायची आणि झगझगीत होऊन जायची. आमच्याकडे सगळ्यांना आवडतो तो राणी रंग, त्यालाच मागणी जास्त. कापडावर न बसलेला राणी रंग नाल्यात जायचा. गावातल्या पोरांना आधी मौज वाटली, होळी नसताना नाला रंगलेला. मग गाई-म्हशींनी त्या पाण्याला तोंड लावणं सोडलं. आणि त्या वर्षी शिंगाड्याचा गर गुलाबी निघाला.

वहिनी टोपली घेऊन गोंदियाच्या बाजारात बसल्या होत्या. मी भाजीला गेले होते, त्या दिसल्या म्हणून थांबले. एका गिऱ्हाइकाने शिंगाडा सोलून पाहिला आणि भडकला.

"ये क्या कलर मारा है बाई? गुलाबी सिंघाड़ा कहीं होता है क्या?"

"कलर नहीं मारा भाऊ, पानीच वैसा है," वहिनी म्हणाल्या.

"पानी वैसा है तो बेचने कायको लाई?"

तो गेला, आणि त्याचं ऐकून आजूबाजूचे चार जणही न घेताच निघून गेले. जी बाई आयुष्यात गालाला पावडर लावत नाही, तिच्यावर शिंगाडे रंगवल्याचा आळ. वहिनींनी टोपलीवर ओलं फडकं टाकलं आणि माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी कॉलेजात हेच शिकवता ना? पानी, रंग, काय काय. मंग आमच्या पान्याले काय झालं ते पाहा ना जी. पुढच्या साली असाच शिंगाडा निंगला तं आमाले बोडी सोडा लागन."

बोडी सोडायची म्हणजे काय, हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. डोमाभाऊंना शेती नाही. त्यांना पाण्यावरचं सगळं येतं आणि जमिनीवरचं काही येत नाही.

मी नाल्याचं पाणी बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत आणलं. शुद्धीकरणाची मोठी यंत्रं कारखान्याचा सेठ घेणार नाही, हे उघड होतं. पण पाण्यातला रंग झाडपाल्याच्या, शेतातल्या टाकाऊ वस्तूंना चिकटतो, हे आम्ही पुस्तकातून शिकवतोच. मग आपल्या जिल्ह्यात टाकाऊ काय कमी आहे? मी आणि माझ्या मुली (विद्यार्थिनींना मी मुलीच म्हणते) कामाला लागलो. बिडीवाल्या बायांकडून तेंदूपत्त्याच्या कतरणी आणल्या. त्यांनी रंग घेतला, पण स्वतःचा तपकिरी रंग पाण्यात सोडला, म्हणजे पाहुणा घालवायला गेलो आणि सासरा येऊन बसला. सालेकशाच्या एका मुलीने मोहाची ढेप आणली, तिचा असा वास सुटला की प्राचार्य स्वतः जिना चढून विचारायला आले. सालईचा लाकूडभुगा बरा होता. कडुनिंबाचा पाला वाईट. आणि मग धानाचा भुसा. धुतलेला, उकळलेला, वाळवलेला साधा भुसा. राणी रंगाच्या पाण्यात टाकला, हलवला, थांबलो. पाणी फिकं होत गेलं, आणखी फिकं, आणि शेवटी काचेपलीकडचं फळ्यावरचं अक्षर वाचता येईल इतकं स्वच्छ. भुसा खाली बसला होता, डाळिंबाच्या दाण्यांसारखा लालबुंद. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. कशाला खोटं बोलू, मला रडू आलं.

सेठला पटवणं वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. तोवर गावकऱ्यांची तक्रार तालुक्याला पोचली होती आणि तोही घाबरला होता. "मैडम, सिर्फ भुसा लगेगा ना? तो फिर लगाओ! भुसे की क्या कमी है अपने यहाँ?" असं म्हणून त्याने गडगडाट करून हसून घेतलं. नाल्याआधी सिमेंटच्या टाक्या बांधल्या, खाली गिट्टी, वर रेती, त्यावर भुसा. कारखान्याचं पाणी टाकीटाकीतून झिरपत यायचं. भुसा रंगाने भरला की बदलायचा आणि वापरलेला भुसा नाल्यापासून लांब खोदलेल्या, प्लॅस्टिक अंथरलेल्या खड्ड्यात टाकून झाकायचा, हे मी सेठला सांगितलं, मॅनेजरला सांगितलं, आणि गावात मारुतीच्या देवळासमोर सभा झाली तिथेही सांगितलं. सभेत मी दोन बाटल्या घेऊन उभी होते. "पाहा, हा भुसा रंग धरून ठेवतो," मी म्हटलं आणि बाटली हलवली. लोकांनी माना डोलवल्या. खड्ड्याचं बोलायला लागले तेव्हा चहा आला होता.

आणि मग तो कार्तिक. नाला इतका नितळ की तळातले खडे मोजावेत. बोडीत कमळाच्या पानांसारखे पसरलेले शिंगाड्याचे हिरवे चकटे. वहिनींनी पहिली टोपली काढली तेव्हा मी पाळीवर होते. त्यांनी एक शिंगाडा दाताने फोडला, गर तळहातावर ठेवला आणि माझ्यापुढे हात केला. "पाय बाई! पांढरा फक!" आणि मग त्या अशा हसल्या की डोंगा हलला. डोमाभाऊ पाण्यातूनच ओरडले, "आता बाईले गोंदियाले जाऊ देऊ नको गा, इथंच ठेवून घे बोडीवर!" त्या वर्षीच्या मंडईत त्यांनी शिंगाड्यांचा ढीग लावला होता. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, जत्राच ती. दंडार नाचणाऱ्यांचा ढोल वाजत होता, जिलबीच्या कढईचा धूर, उसाच्या मोळ्या, धान कापून दमलेल्या माणसांची नवी धोतरं. डोमाभाऊंनी गळ्यात नवा दुपट्टा घातला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून सांगत होते, "हे आमची बाई. इनंच पानी साफ केलं." मी लाजत होते, पण थांबा म्हणत नव्हते. इतकं कुणी कौतुक करावं आणि आपण ते अंगावर घ्यावं, असे दिवस आयुष्यात थोडे येतात. भुसा वाऱ्यावर उडत होता, माझ्या केसांत होता, आणि मला तो अक्षतांसारखा वाटत होता.

रंग नाहीसा होत नसतो. एवढंच एक वाक्य मला त्या देवळासमोर तासभर घोकवून घ्यायला हवं होतं, पण कुणी घोकलं असतं? रंग पाण्यातून भुशात जातो, बस. नाहीसं होणं आणि जागा बदलणं यातला फरक परीक्षेत दोन गुणांना असतो. मुली बरोबर लिहितात. गुण मिळतात.

खड्डा भरला. नवा खोदायला सेठला जागा द्यायची नव्हती. खरं तर द्यायची नव्हती असं कुणी म्हटलं नाही, नुसतं कुणी खोदलं नाही. भुशाचे ढीग कुंपणाबाहेर साचत गेले. राणी रंगाचे ढीग, उन्हात दिसायला सुंदर. आता आमच्या माणसांचं एक सांगते. धानाच्या मुलखातला माणूस भुसा टाकून देत नाही. भुसा शेगडीत जळतो, विटांत जातो, कोंबड्यांखाली अंथरला जातो, मातीत कालवून भिंतींना लागतो, पाझरणारी जागा बुजवायला वापरतात. आमच्याकडे भुसा टाकणं म्हणजे ताटातला भात टाकण्यासारखं. असा भुसा कुणी कुंपणाबाहेर लोटून देतो, आणि विचारलं तर मॅनेजर म्हणतो, "ले जाओ, ले जाओ, अच्छा माल है." फुकट ते पौष्टिक. बैलबंड्या लागल्या, ट्रॅक्टर लागले.

त्या उन्हाळ्यात मी पेपर तपासायला नागपूरला अडकले होते. परत माहेरी गेले तर गाव गुलाबी. सारवलेल्या भिंती गुलाबी, ओटे गुलाबी. माझ्या चुलत वहिनीने कौतुकाने दाखवलं, "रंग नाही लावला बाई, मातीतच आला." कोंबडीची पिल्लं अंगणात फिरत होती, त्यांचे पाय गुलाबी, जणू कुणी अळता लावला. पोरं त्यांना नवरी म्हणत होती. मला हसू आलं आणि लगेच बोडी आठवली. मी तशीच बोडीकडे गेले.

पाळ नवी होती. उन्हाळ्यात पाणी खाली जातं तेव्हा डोमाभाऊ दरवर्षी पाळीची डागडुजी करायचे. जुनी पाळ एका अंगाला पाझरायची, तिच्यात दरवर्षी थोडा भुसा-माती भरायचे. यावेळी फुकटचा भुसा मिळाल्यावर त्यांनी सगळीच पाळ आतून लिंपून काढली होती. चांगली हातभर जाड. माती कमी, भुसा जास्त. चोपून चोपून घट्ट केलेली, आरशासारखी गुळगुळीत. राणी रंगाची पाळ. डोमाभाऊ तिच्यावर उभे राहून टाच आपटून दाखवत होते.

"एक थेंब नाही पाझरनार बाई. पाहा तुमी."

"भाऊ, हे काढा," मी म्हटलं. "पावसाआधी काढा. यात तो सगळा रंग आहे. पाणी लागलं की सुटेल."

ते टाच आपटायचे थांबले. मग म्हणाले, "कायले सुटन? तुमीच तं सांगितलं ना, भुसा रंग पकडून ठेवते म्हनून. पकडून ठेवते तं सोडन कायले?"

मी समजावलं. रंगाच्या पाण्यात भुसा रंग घेतो, पण स्वच्छ पाण्यात ठेवला की हळूहळू परत देतो, साबण-राख लागली तर आणखी लवकर देतो. खड्डा त्यासाठीच होता. बोलताना माझा आवाज चढला, कारण वर ढग जमले होते.

"आता कोन काढते बाई?" वहिनी टोपलीतून माती ओतत म्हणाल्या. "जुनी पाळ खरडून हे लावलं. हे काढलं तं पाळच राहत नाही. पानी आलं तं बोडी वाहून जाईन, खालच्या बांध्या बुडन. मंग गाववाले आमाले जित्ते ठेवन का?"

खरं होतं. मला डोमाभाऊंचा राग आला. वहिनींचा आला. अर्धंच ऐकणाऱ्या सगळ्या गावाचा आला, कारण माणूस नेमकं तेवढंच ऐकतो जेवढं त्याच्या कामाचं असतं. आणि सर्वांत जास्त राग आला तो त्या कुंपणाआड पंख्याखाली बसलेल्या माणसाचा, ज्याने सगळं पूर्ण ऐकलं होतं. मी तिथून थेट त्याच्याकडे गेले. त्याने लस्सी मागवली. "मैडम, हमने तो किसी के घर जाकर नहीं डाला. लोग खुद ले गए. अब गरीब आदमी को मना करें क्या?" लस्सी मी घेतली नाही. त्याने काय फरक पडतो?

पाऊस आला. नाला स्वच्छ वाहिला. बोडी भरली, आणि पाळीच्या कडेने आधी एक फिकट रेघ उमटली, मग पट्टा, मग सगळी बोडी. शिंगाड्याचे वेल नेमके पाळीच्या उथळ अंगालाच जास्त असतात. त्या कार्तिकातला शिंगाडा नुसता गुलाबी नव्हता, आत चिकट होता, आणि वेल कुजत होते. वहिनींनी तो बाजारात नेलाच नाही. मासे उलटे होऊन वर आले ते काठावर लागले. मी पाण्याचा नमुना घेतला आणि टाकीतल्या भुशाने तो पुन्हा स्वच्छ करून पाहिला. झाला. भुसा आपलं काम कधी चुकत नाही, हे त्यातलं सगळ्यात संतापजनक.

पुन्हा देवळासमोर सभा झाली. यावेळी बाटली मॅनेजरच्या हातात होती. नाल्याचं पाणी, त्यांच्या टाक्यांतून आलेलं, नितळ. "देख लो. कारखाने का पानी साफ है. मैडम ने खुद पास किया है." त्याने माझ्याकडे बोट केलं. लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले, सगळं सांगितलं, खड्डा सांगितला, कुंपणाबाहेरचे ढीग सांगितले. पण ज्यांच्या घराच्या भिंती त्या भुशाने सारवल्या होत्या, ते माझ्याकडे पाहीनात. फुकट घेतलेल्या वस्तूविरुद्ध साक्ष द्यायला कुणाला आवडतं? शेवटी एकाने म्हटलं, "बोडीत भुसा टाकला कोनं? डोम्यानं टाकला. मंग सेठले काऊन बोलता?" आणि सभेला जीव आला. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात आपली माणसं फार तरबेज. डोमाभाऊ एका कोपऱ्यात उकिडवे बसले होते. त्यांनी एकदाही मान वर केली नाही. पंचायतीने त्यांचा ठेका काढून घेतला, तेव्हाही कुणी विरोधात बोललं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पंचायतीने ठरवलं की पाळ फोडायची. रंगाची माती काढायची, बोडी कोरडी करायची, आणि एवीतेवी जागा मोकळी पडणार तर काही वर्षं त्यात धान लावायचा. पाळ कुठे फोडायची हे विचारायला लोक डोमाभाऊंकडेच गेले, कारण तिचा नाजूक भाग त्यांनाच माहीत. ते गेले. कुदळ घेतली आणि स्वतःच्या हाताने चोपलेली पाळ स्वतःच्या हाताने फोडली. उरलंसुरलं पाणी वाहून गेलं तेव्हा ते तिथे थांबले नाहीत. आता ते नागपूरला एका इमारतीवर वॉचमन आहेत, वहिनींना घेऊन गेले नाहीत, कारण तिथे राहायला खोली नाही. आणि पाळीतून काढलेल्या त्या भुशाचं काय झालं? कुणी म्हटलं, भुसा हाय, खतच होईन. तो बोडीच्या तळावरच पसरला आणि नांगरला.

आमच्या कॉलेजात मला अजून व्याख्यानाची बोलावणी येतात. शेजारच्या कॉलेजातूनही येतात. विषय तोच, टाकाऊतून टिकाऊ, धानाच्या भुशाने सांडपाण्यातील रंगाचे निर्मूलन. निर्मूलन. मी पोस्टरवरचा तो शब्द खोडून टाकायला सांगते. संयोजक म्हणतात, मॅडम, चांगला दिसतो, राहू द्या. कारखान्याच्या दारावर माझ्या टाक्यांचा फोटो लावला आहे, लोक पाहायला येतात. त्या टाक्या उत्तम चालतात. वापरलेला भुसा आता कुठे जातो, ते मी दरवेळी विचारते आणि दरवेळी मॅनेजर नवीन माणूस असतो.

यंदा दिवाळीनंतर माहेरी गेले. मंडईचा ढोल वाजत होता, मी तिकडे गेले नाही. बोडीवर गेले. बोडी म्हणायची सवय, दुसरं काय. पाळीच्या खिंडारातून आत उतरता येतं. आत धान उभा होता, कमरेइतका, जाड लोंब्यांचा, आजूबाजूच्या कुठल्याही बांधीपेक्षा चांगला. अर्धा कापून झाला होता. कापणाऱ्या बायांमध्ये फुलवंतावहिनी होत्या. विळा चालवताना त्यांचा हात अजून अडखळतो, बाकीच्या बाया पुढे निघून जातात. मला पाहून त्या सरळ झाल्या, पदराने तोंड पुसलं.

"एवढी साल फिरलो या पान्यावर," मग त्या म्हणाल्या, "तळ नव्हता पाहिला बाई कधी. बहुत चांगली माती हाय."

त्यांनी एक लोंबी तोडली, तळहातावर चुरली, फुंकर मारून टरफलं उडवली. चार पांढरे दाणे उरले. ते त्यांनी माझ्यापुढे धरले. इकडे कापणीची मजुरी धानातच मिळते, हे मला ठाऊक आहे. म्हणजे हाच तांदूळ वर्षभर त्यांच्या घरात शिजणार, हेही ठाऊक आहे.

"सांगा ना जी," त्या म्हणाल्या. "तुमी खासाल का हा?"

मी म्हटलं, आधी तपासावं लागेल. नमुना द्या, मी बाहेर प्रयोगशाळेत पाठवते, वेळ लागतो त्याला, पण कळेल.

त्यांनी मान हलवली, जशी सभेत सगळ्यांनी हलवली होती तशी नाही, लहान मुलाचं ऐकून घ्यावं तशी. मग तेच दाणे तोंडात टाकले, कडकड चावले आणि विळा उचलला.

"तपासा तुमी," त्या म्हणाल्या, "आमचं जेवन तं आज संध्याकारचं हाय."